चव्वेचाळीस की बत्तीस?

मंडळी, आज जरा दात्यांबद्दल लिहायचं आहे. दंतवैद्याकडं नेतो ते दात नव्हेत, सायकलच्या पुढच्या चेनव्हीलचे दाते. ज्यांना सायकलमध्ये काडीचाही रस नाही त्यांनी इथंच रजा घेतली तरी राग नाही. घरच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण विषय घरचाच आहे. फोनवर हे सांगायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला दादा "बरं बरं, बघू" म्हणतो आणि विषय उसाच्या बिलावर जातो. तेव्हा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

प्रश्न आहे भाचीच्या सायकलचा. भाची यंदा नववीत आहे आणि तिची शाळा राधानगरीत. राधानगरी तालुक्यातल्या बऱ्याच वाड्यांसारखी आमचीही वाडी डोंगराच्या अंगाला आणि मोठा रस्ता खाली. त्यामुळे शाळेला जाताना आधी एक किलोमीटर उतार, मग पाच किलोमीटर बऱ्यापैकी सपाट डांबरी. येताना त्याच्या उलट. दिवसभर शाळा करून, पाच किलोमीटर सायकल मारून झाली की मग चढ उभा राहतो, आणि त्यातला शेवटचा दोनशे मीटरचा तुकडा असा आहे की तिथं वडापची जीपसुद्धा पहिल्या गियरवर येते. भाची तिथं उतरते आणि ढकलत येते. खरं तर शेवटी कशाला, चढ सुरू झाला की शंभर पावलांतच उतरते.

ढकलण्यात काही कमीपणा नाही. पण पावसाळ्यात संध्याकाळी लवकर अंधारतं, त्या वळणावर वस्ती नाही, आणि आमच्याकडं गवे रस्त्यावर येतात हे काही नवीन नाही. दाजीपूरचं अभयारण्य गव्यांचंच. त्यामुळे वहिनीचा जीव टांगणीला लागतो. आता घरात तीन मतं आहेत. दादाचं मत गियरची सायकल घ्यावी. वहिनीचं मत सायकल बंद करून वडापनं जावं. आबांचं मत हल्लीच्या पोरांच्या पायात ताकद नाही. माझं चौथं मत असं की सायकल तीच ठेवावी, फक्त पुढचं चेनव्हील बदलावं. हा लेख त्या चौथ्या मताच्या समर्थनार्थ.

सायकल दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका दुकानातून घेतलेली. दिसायला एकदम डोंगरी. जाड टायर, पुढं स्प्रिंगचा चिमटा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, फ्रेमवर डोंगराचं चित्र आणि शेजारी काहीतरी वादळी नाव. गियर नाहीत. पुढं एक चेनव्हील, मागं एक फ्रीव्हील, संपला विषय. दिवाळीत मी अंगणात ती उलटी केली आणि खडूनं खूण करून दाते मोजले. पुढं ४४, मागं १८. मग गोठ्यात टेकवून ठेवलेली आबांची काळी सायकल बाहेर काढली आणि तिचे मोजले. पुढं ४४, मागं १८!

म्हणजे बघा, दोन सायकलींमध्ये दोन पिढ्यांचं अंतर. मधल्या काळात स्प्रिंग आली, डिस्क आली, रंग आले, फ्रेमवर डोंगर आला. दाते तेवढे जागचे हलले नाहीत. डोंगराची म्हणून विकलेली सायकल दात्यांच्या बाबतीत सपाटीचीच आहे.

आता दात्यांनी काय होतं ते थोडक्यात सांगते. शाळेतलं गणित आहे, घाबरू नका. पुढचे दाते भागिले मागचे दाते. ४४ भागिले १८ म्हणजे साधारण २.४४. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. चाक २६ इंची, म्हणजे एका फेरीत सायकल जवळजवळ ५ मीटर पुढं जाते. याच सायकलला पुढं ३२ दाती लावलं तर भागाकार १.७८ येतो आणि एका फेरीत सायकल ३ मीटर ७० सेंटिमीटर जाते. अंतर कमी, पण पायावरचा भारही तितकाच कमी. बस, एवढंच शास्त्र. बाकी सगळा आपल्या रस्त्याचा आणि आपल्या पायांचा हिशेब.

सायकलवाले हा भागाकार चाकाच्या इंचांनी गुणतात आणि त्याला गियर इंच म्हणतात. हे इंच कुठून आले ते मला फार आवडतं. चेनच्या सायकलीआधी ती उंचच उंच पुढच्या चाकाची सायकल होती, चित्रात पाहिली असेल. तिचं पायडल थेट पुढच्या चाकालाच. मोठं चाक म्हणजे जास्त वेग, पण चाकावर टांग टाकता आली पाहिजे, त्यामुळे ज्याचे पाय जेवढे लांब तेवढं त्याचं चाक. माणसाच्या मापानं गियर! १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यानं चेनची 'रोव्हर' सायकल आणली आणि चाकाचा नि पायाच्या लांबीचा संबंध सुटला. पुढं-मागं वेगवेगळे दाते लावून लहान चाकालाही मोठ्या चाकासारखं पळवता येऊ लागलं. आमच्या भाचीची ४४/१८ सायकल म्हणजे ६३ ते ६४ इंची उंच चाकाची सायकल. बत्तीस लावली तर ४६ इंची. म्हणजे ज्या काळात माप पायाचं घेत होते, तिथून आपण अशा जागी आलो की माप कोण घेतं हेच कुणाला ठाऊक नाही.

आता चढाचं गणित. दादा, हे तुझ्यासाठी. भाचीचं वजन ४५ किलो. सायकल, कॅरियर, दप्तर आणि पाण्याची बाटली मिळून २० किलो. एकूण ६५. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे ६५ किलो नुसतं मागं घसरू नये म्हणून साडेसहा किलोचा जोर चाकाला जमिनीशी लागतो. (हवा आणि टायरचं घर्षण सोडून दिलं आहे, म्हणजे खरा आकडा याहून जास्तच.) चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आणि क्रँकची लांबी १७. ३३ भागिले १७, गुणिले २.४४, गुणिले साडेसहा. उत्तर येतं जवळजवळ ३१ किलो. एवढा जोर पायडलवर सतत, पूर्ण फेरीभर पाहिजे.

पण पाय पूर्ण फेरीभर सारखा जोर लावूच शकत नाही. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना तुम्ही कितीही दाबा, चाक फिरत नाही. सगळी मदत मधल्या टप्प्यात मिळते. पाय सरळ खाली दाबला तर त्यातला साधारण ६४ टक्केच सरासरीनं कामी येतो. म्हणजे ३१ किलोची सरासरी गाठायला ४८-४९ किलोनं दाबायला हवं. आणि पोरगी आहे ४५ किलोची. सीटवरून उठून, अख्खी पायडलवर उभी राहिली, तरी तिचं सगळं वजन कमी पडतं. हँडल ओढून, दात-ओठ खाऊन दोन-चार फेऱ्या निघतील, दोनशे मीटर निघणार नाहीत. यात पायातल्या ताकदीचा प्रश्न येतो कुठं? (आबा, वाचताय ना?) आबा सत्तर किलोचे गडी होते, त्यांना ते जमत होतं. गणित वजनाचं आहे, पिढीचं नाही.

आता बत्तीस घाला. तोच चढ, तीच पोरगी. सरासरी जोर २२-२३ किलोवर येतो आणि दाबायला लागतात ३५ किलो. ४५ किलोची मुलगी उभी राहून हे करू शकते, आणि चढ जरा सैल असेल तर बसूनही.

हे कागदावरचं झालं. माझ्या स्वतःच्या सायकलला गेली चार वर्षं ३२/१८ आहे, आणि दिवाळीत मी ती घेऊन गेले होते. भाचीला सीट खाली करून दिली. तीन दिवसांत तिनं तो चढ तीनदा केला. दोनदा न उतरता वर आली, एकदा वळणावर समोरून दुधाची गाडी आली म्हणून थांबली आणि तिथून पुढं ढकलत आली. वर आल्यावर धापा टाकत म्हणाली, "आत्ती, हिला चढ कमी हाय!" चढ तेवढाच होता. पण त्या वाक्यातच चेनव्हीलचं सगळं सार आलं.

आता दुसरी बाजू. बत्तीसवाली सायकल सपाटीवर हळू जाते, यात वाद नाही. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ४४/१८ वर ताशी १८ किलोमीटर पडतात आणि ३२/१८ वर साधारण १३. तोच वेग पाहिजे तर पाय भराभर फिरवायला हवेत. भाचीच्या वर्गातली पोरं हसतात, "पाय पंख्यागत फिरत्यात बघ" म्हणून. मी वेळेचाही हिशेब केला. सपाटीच्या पाच किलोमीटरला बत्तीसवर सवय झाली तरी तीन मिनिटं जास्त लागतील. जाताना तीन, येताना तीन. चढाचा एक किलोमीटर ढकलत आलं तर पंधरा मिनिटं लागतात, चालवत आलं तर आठ-नऊ. म्हणजे सहा मिनिटं गमावली आणि सहा कमावली. दिवसाचा हिशेब बरोबरीत सुटतो!

तेव्हा वेळ वाचतो म्हणून बत्तीस घ्या असं मी मुळीच म्हणत नाही. वेळ वाचत नाही. बदलतं ते एवढंच की ती सहा मिनिटं कुठं जातात. सकाळी उजेडात, माणसांच्या रस्त्यावर तीन मिनिटं जास्त गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. संध्याकाळी त्या एकट्या वळणावरची सहा मिनिटं कमी झाली तर खूप काही सुधारतं. वहिनी रोज खिडकीशी उभी राहते ती त्याच सहा मिनिटांसाठी. आणि मुलीची सायकल बंद करायची चर्चा घरात निघाली आहे तीही त्याच सहा मिनिटांमुळे. एकदा सायकल सुटली की वडापच्या वेळा पाळाव्या लागतात, मग जादा तास नाही, खेळाची प्रॅक्टिस नाही, मैत्रिणीकडं थांबून गणितं सोडवणं नाही. मुलाची सायकल बंद करायचा विचार कुणाच्या मनात आला नसता, हेही इथं लिहून ठेवते.

गियरची सायकल का नको? नको असं नाहीच. ज्याला कोल्हापूर ते राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर करायचे आहेत, किंवा दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कोकणात जायचं आहे आणि तोच घाट चढून परत यायचं आहे, त्यानं गियर जरूर घ्यावेत. पण रोजच्या शाळेच्या सायकलचं तसं नाही. गियरचं मागचं यंत्र एका बारीक पट्टीवर लोंबकळत असतं. शाळेच्या स्टँडवर पंचवीस सायकली एकमेकींवर रेलतात, एक पडली की सगळ्या पडतात, आणि ती पट्टी वाकते. वाकली की चेन कुठं बसेल सांगता येत नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर लाल चिखल सगळीकडं शिरतो. तो एकट्या चेनवर बसला तर बादलीभर पाणी मारलं की गेला. गियरच्या यंत्रात बसला की ते निस्तरणारा माणूस सहसा कोल्हापुरात गाठावा लागतो, म्हणजे दादाचा एक अख्खा दिवस. उलट एकेरी सायकल गावातला पंक्चरवालाही दुरुस्त करतो.

राधानगरीच्या माणसाला हे पटायला हवं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं आपलं धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. बटण दाबायला माणूस लागत नाही. दरवर्षी पावसाळ्यात आपण कौतुकानं ही बातमी वाचतो. ते चालतात कारण कुणीतरी आधी बसून पातळी नीट ठरवली आणि यंत्र त्या एका पातळीला जुळवलं. एकेरी सायकलचंही तसंच आहे. एकदाच ठरवायचं असतं, पण ते ठरवणं नीट झालं पाहिजे. गियरवाल्याला चुकीच्या दात्यातून सुटका असते, बटण दाबलं की झालं. एकेरीवाल्याला नसते. म्हणून तर दाते मोजण्याची जास्त गरज एकेरीवाल्याला आहे, आणि नेमका तोच मोजत नाही.

जगात हा घोळ नवा नाही. तूर द फ्रान्समध्ये गियर बदलायच्या यंत्राला १९३७ सालापर्यंत बंदीच होती. तोवर शर्यतवाले मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळी चक्रं लावत. चढाच्या पायथ्याशी थांबायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि मग चढायला लागायचं. जगातले सगळ्यात दणकट पाय, पण डोंगर आला की तेही दाते बदलायला खाली उतरत! आणि ज्या डोंगरी सायकलीची नक्कल आपल्या दुकानात टांगलेली असते, तिचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. १९७६ साली तिथं काही पोरांनी 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू केली. जुन्या, जड, एकेरी सायकली, पायडल उलटं मारून लागणारे ब्रेक. पण शर्यत होती ती उताराची! उतरताना ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. वर जाताना ते सायकली ढकलत तरी न्यायचे, नाहीतर ट्रकमध्ये टाकायचे. चालवत चढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आधी लहान दात्यांची व्यवस्था केली. आपण त्यांच्याकडून टायर घेतलं, स्प्रिंग घेतली, नेमकी हीच गोष्ट घ्यायची राहिली.

२६ इंची चाकाच्या एकेरी डोंगरी सायकलवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. मागच्याच्या दुप्पट पुढं. ३२ ला १६, ३६ ला १८. अमेरिकेतला शेल्डन ब्राऊन नावाचा सायकल मेकॅनिक अशी गणितं इंटरनेटवर सगळ्यांसाठी लिहून ठेवायचा. तो २००८ साली गेला, पण मी दात्यांचं बरंचसं शिकले ते त्याच्याच पानांवरून. ठोकताळा म्हणजे सुरुवात, निकाल नव्हे. दुप्पट हे धडधाकट, हौशी माणसाचं माप आहे. दप्तर लादलेल्या ४५ किलोच्या मुलीनं त्याच्या खालीच यावं.

आता प्रत्यक्ष काम. मी गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीजवळच्या सायकलवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, कंपनीनं बसीवलंय ते काय डोस्कं नसताना बसीवलंय व्हय?" मी म्हटलं, "काका, कंपनी आमच्या वाडीला कधी आलीया?" मग हसले आणि कामाला लागले. त्यांच्याकडून आणि स्वतःच्या सायकलवर हात काळे करून जे कळलं ते असं.

पहिली गोष्ट, स्वस्तातल्या सायकलींचं चेनव्हील क्रँकला रिव्हेटनं ठोकलेलं असतं. नुसतं चक्र सुटत नाही, क्रँकसकट पूर्ण सेट बदलावा लागतो. काका आधी लहान मुलांच्या सायकलचा ३६ दाती सेट दाखवत होते. तो घेऊ नका. त्याचे क्रँक आखूड असतात. काकांचा मोजला तर १५२ मिलिमीटर भरला, आणि भाचीच्या सायकलचा आहे १७०. आखूड क्रँक म्हणजे आखूड पहार. ३६ दाती आणि १५२ चा क्रँक यांचा पायाला लागणारा भार १७० च्या क्रँकवरच्या चाळीस दात्यांइतका येतो. दाते कमी झाले म्हणून आपण खूश, आणि निम्मा फायदा पहारीनं खाल्लेला.

दुसरी गोष्ट, जुन्या गियरच्या सायकलचा बोल्टवाला सेट मिळाला तर सोनं. त्यात पुढं तीन चक्रं असतात. मोठं आणि लहान काढून टाकायचं, मधलं ठेवायचं. काकांकडच्या सेटचं मधलं बरोबर ३२ निघालं. ते क्रँकच्या आतल्या बाजूला बसवून चेन मागच्या फ्रीव्हीलशी सरळ रेषेत येते का ते पाहायचं. रेषा तिरकी असेल तर चेन कुरकुरते आणि ऐन चढावर उतरते.

तिसरी गोष्ट, चेन. एकेरी सायकलची रुंद चेन गियरच्या अरुंद दात्यांवर चालते. उलटं चालत नाही, म्हणून जुनी चेनच ठेवायची. ४४ वरून ३२ वर आलं की तिच्या सहा कड्या काढाव्या लागतात आणि चाक दोनेक मिलिमीटर मागं ओढून ताण जुळवावा लागतो. जुनं चेनकव्हर तसंच बसतं. सलवार अडकायची भीती म्हणून ते काढायचं नाहीच.

चौथी गोष्ट, एवढं करायचं नसेल तर पुढचं ४४ राहू द्या आणि मागं १८ च्या जागी २२ दाती फ्रीव्हील घाला. भागाकार बरोबर दोन येतो, खर्च फारच कमी. भाचीला पायडल ४० किलोनं दाबावं लागेल, म्हणजे ४५ च्या आत येतं, पण काठावर. शिवाय बत्तीसचं चक्र चव्वेचाळीसपेक्षा जमिनीपासून जवळजवळ अडीच सेंटिमीटर उंच राहतं. वाडीच्या रस्त्यावर वर आलेला जांभ्याचा दगड ज्यानं पाहिला आहे त्याला या अडीच सेंटिमीटरची किंमत कळेल. आणि पुढं बत्तीस असलं की उद्या तिची ताकद वाढली तर मागं १६ घाला, पावसाळ्यात वाटलं तर २० घाला. मागचा एक दाता बदलला की सुमारे सहा टक्के फरक पडतो, पुढचा एक बदलला की तीन. म्हणून पुढचं एकदाच विचार करून बसवावं आणि मागच्याशी खेळत राहावं.

लहान चक्राचा एक तोटाही सांगायला हवा, नाहीतर दादा शोधून काढेलच. कमी दात्यांवर तेवढंच काम वाटलं जातं, फेऱ्याही जास्त होतात, त्यामुळे दाते लवकर झिजतात. काही वर्षांनी बदलावे लागतील. बदलूया की. झिजायचंच असेल तर दीडशे-दोनशे रुपयांचं लोखंड झिजावं, पंधरा वर्षांच्या मुलीचे गुडघे नव्हेत.

आता खरं काय आडवं येतं ते सांगते. मोठं चेनव्हील दिसायला भारी दिसतं. जड पायडल मारणारा तो गडी, हलकं मारणारा तो लेचापेचा, असं आपल्याकडं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढण्यात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि तो मान योग्यच आहे. पण भाचीला राजा व्हायचं नाही. तिला घरी पोचायचं आहे, आणि तेही सायकलवर बसून. सायकल निवडताना आपण विचारतो की ही किती पळेल. डोंगराच्या माणसानं विचारायला हवं की ही मला कुठं उतरायला लावेल. त्याचं उत्तर जाहिरातीत नसतं, फ्रेमवरच्या डोंगराच्या चित्रात तर नसतंच. ते दात्यांत असतं आणि मोजायला एक मिनिट लागतं.

माझी दुकानदारांकडून फार अपेक्षा नाही. रंग, चाकाचं माप आणि ब्रेकचा प्रकार पाटीवर लिहितात, त्याच्याखाली दोन आकडे आणखी लिहावेत. पुढं किती, मागं किती. आणि राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा अशा भागातलं गिऱ्हाईक आलं तर "चढ आहे का हो घराकडं?" एवढं विचारावं. चपला घेताना पायाचं माप विचारतात, मग सायकल घेताना रस्त्याचं का विचारू नये?

तेव्हा दादा, ठरलं असं समज. येत्या रविवारी उसाच्या ट्रॅक्टरमागून का होईना, सायकल कोल्हापूरला पाठव. सेट काकांकडं बाजूला काढून ठेवला आहे, पैसे मी दिले आहेत, तासाभराचं काम आहे. महिनाभर चालवू दे. तरीही ती त्या वळणावर उतरत असेल तर मागं वीस घालू. मग गियरची सायकल घ्यायची की नाही ते तिलाच विचारू. चढ ती चढते, तर मतही तिचंच मोजलं जावं.

आणि बाकीच्या मंडळींनी एवढं करा. घरात, जिन्याखाली, गोठ्यात जी सायकल असेल ती उलटी करा, खडूनं एका दात्यावर खूण करा आणि मोजा. मग रोज कोण तिच्यावर बसतं आणि त्याच्या वाटेत चढ कुठं आहे, तेही आठवून बघा. आकडे कळवा, जमेल तेवढं गणित मी करून देईन.